दुपारी तीनला बैलगाडी होणारा पीसी : आय५-३४७० प्रोसेसर ठेवावा की काढावा?

एप्रिल संपत आला की मला एक फोन ठरलेला असतो. आमच्या जळगावात तेव्हा पारा ४३च्या घरात, आणि पत्रिका छापणाऱ्यांना मान वर करायला फुरसत नाही. फोन करणारे काका डीटीपीचं काम करतात. लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं, दुकानांच्या पाट्या. "भाऊ, परत तेच. सकाळी ठणठणीत, दुपारी तीन वाजले की बैलगाडी. दोनदा तर आपोआप बंद पडला. आता तो प्रोसेसरच बदलून टाक, १३ वर्षं झाली त्याला."

मशीन असं: इंटेल कोअर आय५-३४७०, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड (पुढे नुसता 'बोर्ड'), ४ जीबीची एकच डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. डीटीपीवाल्यांच्या आणि सायबर कॅफेच्या टेबलाखाली असली मशिनं अजून ढिगाने सापडतील. हा प्रोसेसर २०१२चा. चार कोअर, म्हणजे काम करणारे चार मेंदू, चार थ्रेड, म्हणजे एका वेळी कामाच्या चार रांगा, वेग ३.२ गिगाहर्ट्झ, जोर लागला की टर्बोत ३.६ पर्यंत, आणि टीडीपी, म्हणजे कूलरला ओढून घ्यावी लागणारी उष्णता, ७७ वॉट. त्या काळी मध्यमवर्गीय घरात असा पीसी आला की शेजारी बघायला यायचे.

दोन वर्षांत या मशीनचं तीनदा फॉरमॅट झालं होतं. दर वेळी कथा तीच. पीसी उचलून दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा, तो दोन दिवस ठेवून विंडोज नव्याने टाकणार, तिथे छान चालताना दाखवणार, काका पैसे देऊन घरी आणणार, आणि पंधरा दिवसांत पुन्हा दुपारची बैलगाडी. शेवटच्या वेळी निदान मिळालं: "प्रोसेसर वीक झालाय."

आधी या शब्दाचा निकाल लावू. प्रोसेसर माणसासारखा म्हातारा होत नाही. २०१२ साली तो सेकंदाला जेवढं काम करायचा तेवढंच आजही करतो, फक्त त्याला गार ठेवायला आणि नीट वीज पुरवायला हवी. २०१८च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटी उघड झाल्या, त्यांच्यावरच्या पॅचमुळे, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटमुळे, जुन्या पिढ्या थोड्या मंदावल्या हे खरं. पण तो मंदपणा चोवीस तास असतो, तीन वाजता सुरू होत नाही. घड्याळ बघून येणारा आजार बहुतेक वेळा उष्णतेचा असतो.

म्हणून या वेळी मशीन माझ्याकडे आणू दिलं नाही. पावणेतीनला मीच तिथे गेलो.

खोलीत ४१ अंश. कॅबिनेट टेबलाखाली, पाठ भिंतीला जेमतेम चार बोटं सोडून. शेजारी लेझर प्रिंटर, आणि त्याच्या पंख्याची गरम हवा थेट कॅबिनेटच्या जाळीवर. दुरुस्तीच्या दुकानात हाच पीसी टेबलावर, बाजूची पत्र्याची प्लेट काढून, छताच्या पंख्याखाली चालत होता. तिथे तो का पळायचा हे मला मशीनला हात लावायच्या आधीच कळलं.

तरी मोजल्याशिवाय बोलायचं नाही. काकांना म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा. त्यांनी कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आठ पानी पत्रिका उघडून पीडीएफ करायला लावली. मी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडून सीपीयूखालचा 'स्पीड' बघत बसलो. पहिलं मिनीट ३.५ गिगाहर्ट्झ. मग आकडा घसरायला लागला. २.४. १.९. १.६. इथे एक इशारा द्यायला हवा: मशीन रिकामं असताना १.६ दिसलं तर घाबरू नका, वीज वाचवायला तो स्वतःच तेवढ्यावर उतरतो. काम चालू असताना १.६ दिसलं तरच गडबड आहे.

सोबत एचडब्ल्यूइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर फक्त सेन्सर्सपुरतं उघडलं. रिकाम्या मशीनला ६६ अंश, कामात १०४. थर्मल थ्रॉटलिंगच्या, म्हणजे तापामुळे वेग तोडल्याच्या, ओळीत ठसठशीत 'येस'. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०५ अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग तोडतो, आणि तरी ताप उतरला नाही तर थेट बंद पडतो. काकांचं 'आपोआप बंद' ते हेच. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत, सिस्टीम लॉगमध्ये, कर्नल-पॉवर ४१ या नोंदी होत्या. त्या फक्त 'मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं' एवढंच सांगतात. त्यांच्याच आगेमागे कर्नल-प्रोसेसर-पॉवर ३७ ही नोंद दिसली. फर्मवेअरने, म्हणजे बोर्डातल्या अंगभूत सॉफ्टवेअरने, प्रोसेसरचा वेग अडवला, असा तिचा अर्थ. ४१ एकटी असती तर मी आधी एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय घेतला असता.

पत्र्याची प्लेट काढली आणि तसंच काम परत लावलं. पारा १०४ वरून ९२ वर आला. काका म्हणाले, "मग उघडाच ठेवू की!" छापखान्यात कागदाचा भुगा हवेत तरंगत असतो. उघडा ठेवलात तर महिन्याभरात आत गादी तयार होईल, म्हटलं. तशी ती झालेलीच होती. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ आणि भुगा मिळून दाबलेल्या कापसासारखा थर बसला होता, नखाने अख्खा उचलून निघाला.

पण नुसत्या धुळीने सहसा एवढा ताप चढत नाही. मला खरा चोर सापडला तो बोर्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात.

प्रोसेसरवर बसणाऱ्या इंटेलच्या त्या गोल कूलरला (हीटसिंक आणि पंखा मिळून कूलर) प्लास्टिकच्या चार पिना असतात. प्रत्येकीत बाहेरची पांढरी फाटलेली नळी आणि तिच्यातून जाणारी काळी काडी. पांढरी नळी बोर्डाच्या भोकातून आरपार जायला हवी आणि मग काळी काडी आत जाऊन तिला फाकवते, तेव्हाच पकड बसते. इथे तीन पिना बसलेल्या आणि चौथीची काळी काडी गेलेली, पण पांढरी नळी भोकाच्या काठावरच अडकलेली. वरून बघितलं तर चारही सारख्याच दिसतात. बोटाने कूलर हलवला तर त्या कोपऱ्यात तो चांगला डुलत होता. म्हणजे कूलरचा तळ प्रोसेसरवर तिरका टेकलेला, आणि उष्णता कूलरकडे पोचवणारी मधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी. मागे कुणीतरी साफसफाई करून कूलर घाईत दाबला असणार. तिन्ही फॉरमॅट त्यानंतरचे.

तुमच्याकडेही कूलर काढायची वेळ आली तर या गोष्टी सांभाळा. आधी पीसी पाच मिनिटं चालू ठेवा, पेस्ट जरा मऊ होते. मग बंद करून वायर काढा. पिनेच्या डोक्यावर बाण असतो, त्या दिशेने पाव वळसा फिरवून वर ओढा. कूलर सरळ उपटू नका, डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवा. इंटेलच्या या सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या बैठकीत, प्रोसेसर लोखंडी चौकटीत अडकलेला असल्याने तो सोबत उपटून येत नाही. एएमडीच्या एएम३ किंवा एएम४ बोर्डांवर मात्र कूलरला चिकटून प्रोसेसर वर आल्याची आणि पिना वाकल्याची रडकथा मी अनेकदा ऐकली आहे. प्रोसेसर सॉकेटमधून काढायची गरज नाही, काढूच नका. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती फडक्याने पुसा. नवी पेस्ट मधोमध, तुरीच्या दाण्याएवढी. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. ब्लोअर मारताना कूलरचा पंखा बोटाने धरून ठेवा, हवेने भन्नाट फिरवून त्याचं बेअरिंग खराब करू नका.

आणि बसवताना बाण परत मूळ जागी फिरवून, समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन-दोन पिना एका वेळी दाबा. 'टक्' असा आवाज यायला हवा. शक्य असेल तर बोर्ड बाहेर काढून मागच्या बाजूने बघा: चारही पांढऱ्या नळ्या पूर्ण बाहेर आणि प्रत्येकीच्या मधोमध काळी काडी. हे बघायला लागणारी वीस मिनिटं कुणी देत नाही, म्हणून हा दोष फिरून फिरून येतो.

कूलर बसवला, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, प्रिंटर पलीकडे सरकवला. त्याच खोलीत, त्याच दुपारी: रिकामं असताना ४८, कामात ७८, वेग हललाच नाही. खर्च म्हणजे पेस्टची एक ट्यूब आणि मला मिळालेलं उसाच्या रसाचं एक ग्लास.

एवढ्यावर सगळं संपलं असतं तर प्रश्नच नव्हता. ताप गेला, पण पीसी 'फास्ट' झाला नव्हता. सकाळच्या वेगाला आला, इतकंच. आणि तो सकाळचा वेगही काकांना नकोसा होता. प्रोसेसर ठेवायचा की काढायचा हा प्रश्न इथून सुरू होतो. ताप असताना तो विचारण्यात अर्थ नव्हता.

उत्तर शोधायची माझी रीत साधी आहे. नेमकं जे काम करताना माणूस वैतागतो ते काम चालू करायला लावायचं आणि टास्क मॅनेजरमध्ये कोण धापा टाकतंय ते बघायचं. काकांचा वैताग दोन ठिकाणी होता. एक, सकाळी चालू केल्यावर पाच-सात मिनिटं माऊससुद्धा नीट हलत नाही. तेव्हा डिस्क १०० टक्के, सीपीयू १५ टक्के. दोन, क्रोममध्ये व्हॉट्सअॅप वेब आणि ईमेल उघडून कोरलड्रॉवर आलं की सगळं गोठतं. तेव्हा मेमरी ९४ टक्के, आणि डिस्क परत १००, कारण रॅममध्ये न मावणारा माल विंडोज डिस्कवर टाकत बसलेलं. दोन्हीकडे प्रोसेसर बिचारा हात बांधून उभा.

म्हणजे बदलायला हवं ते हार्ड डिस्क आणि रॅम: हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी डिस्क, आणि जास्त रॅम. एच६१ बोर्डावर डिस्क जोडायचे साटाचे पोर्ट जुन्या, ३ गिगाबिटच्या वेगाचे असतात, त्यामुळे एसएसडी तिथे आपल्या निम्म्याच वेगाने, सेकंदाला अडीचशे-पावणेतीनशे एमबीने धावते. 'मग टाकून काय उपयोग' असं सांगणारे भेटतील. त्यांना सांगा, विंडोज सुरू होताना सलग मोठी फाइल वाचत नाही, हजारो चिल्लर फाइली वाचतं. हार्ड डिस्कला त्यासाठी दर वेळी सुई सरकवावी लागते, एसएसडीला सुईच नाही. काकांचा पीसी आता अर्ध्या मिनिटात कामाला लागतो. जुन्या डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरने पाहिली तर सी५ची नोंद, म्हणजे वाचता न येणारे सेक्टर, शून्याच्या वर गेलेली. ती डिस्क बॅकअपसाठीसुद्धा ठेवू नका म्हणून सांगितलं.

रॅम ४ जीबीच्या दोन घेतल्या, जोडीने. एक लावण्यापेक्षा दोन सारख्या लावलेल्या बऱ्या, कारण याच्या आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं. डीडीआर३ घेताना एक फसवणूक होते: फार स्वस्तात ८ जीबीच्या अशा रॅम मिळतात ज्या फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात. इंटेलवर लावल्या की मशीन चालूच होत नाही. दुकानातच, आपल्या बोर्डावर लावून बघून घ्या.

जाता जाता बोर्डावरचं घड्याळ चालवणारा सीआर२०३२ सेलही बदलला. सकाळी तारीख २०१२ दाखवायची आणि मग एकही साइट उघडायची नाही, ही काकांची तिसरी तक्रार होती. ती त्यांनी प्रोसेसरच्याच खात्यावर मांडून ठेवली होती.

आता, प्रोसेसर खरंच दोषी असतो तो कधी? ताप ठीक, वेग पूर्ण, डिस्क आणि मेमरी मोकळी, आणि तरी सीपीयू ९०-१०० टक्क्यांवर अडकलेला असेल तेव्हा. तिथेही आलेखावर राइट क्लिक करून चारही कोअर वेगवेगळे बघा. एकच कोअर भरलेला आणि बाकीचे तीन निवांत असतील तर एकूण आकडा २५च्या आसपास दिसतो आणि आपण फसतो. कोरलड्रॉची बरीच कामं अशी एकाच कोअरवर चालतात. अशा कामाला याच सॉकेटचा जुना आय७-३७७० आणून काही हाती लागत नाही. त्यात थ्रेड आठ आहेत, पण एका कोअरचा वेग जेमतेम ३.९. सेकंडहँड बाजारात हा आय७ लोक हौसेने घेतात. माझं मत विचाराल तर याहून धाकटा आय३-३२२० असलेल्याने आणि एकाच वेळी अनेक कामं करणाऱ्याने तो घ्यावा, ३४७० वाल्याने पैसे खिशात ठेवावेत.

व्हिडिओचं दुखणं वेगळं आहे. यूट्यूब आजकाल बराचसा माल व्हीपी९ आणि एव्ही१ या व्हिडिओ दाबून छोटा करायच्या नव्या पद्धतींनी पाठवतं. ३४७०च्या आतल्या एचडी २५०० ग्राफिक्सला यातलं काहीच स्वतः उलगडता येत नाही, सगळं ओझं कोअरवर पडतं. ब्राउझरमध्ये एच२६४इफायसारखं एक्स्टेंशन टाकलं की यूट्यूब जुन्या एच.२६४ पद्धतीने पाठवतं, ते हे ग्राफिक्स आरामात पेलतं. १०८० पर्यंतच मिळतं, पण त्या काळच्या मॉनिटरला तेवढं पुष्कळ. व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर मात्र रस्ता बंद. प्रीमियर प्रो स्वतःच इंटेलची किमान सहावी पिढी मागतं, आणि ही तिसरी. शिवाय एव्हीएक्स२ या सूचना, म्हणजे प्रोसेसरला थेट कळणारे हुकूम, इंटेलमध्ये २०१३च्या चौथ्या पिढीपासून आल्या. त्या मागणारी सॉफ्टवेअर आणि गेम इथे उघडतच नाहीत, मग रॅम कितीही घाला.

आणि सगळ्यांत मोठा अडसर प्रोसेसरच्या ताकदीचा नाहीच, विंडोजचा आहे. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप मागतं. रुफस या सॉफ्टवेअरने विंडोजचा पेनड्राइव्ह बनवून ही अट चुकवता येते. ३४७०वर ११ चालतंही, पण दर मोठ्या आवृत्तीला तीच कसरत पुन्हा करावी लागते आणि उद्या ते चालेलच याची हमी कुणी देत नाही. त्याहून जुन्या कोअर टू ड्युओवाल्यांना तर तीही पळवाट उरली नाही. २४एच२ या आवृत्तीपासून लागणाऱ्या काही सूचनाच त्या प्रोसेसरमध्ये नाहीत. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम या मशीनवर झकास चालते, पण काकांची हजारो पत्रिकांची डिझाइनं कोरलड्रॉच्या फाइलींत आणि जुन्या मराठी फॉन्टांत अडकलेली आहेत. ते फॉन्ट टाइप करायचं सॉफ्टवेअर मशीनला लावायच्या एका छोट्या लॉकवर चालतं, आणि ते लॉक नव्या मशीनवर चालेल का हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. अशा माणसाला 'लिनक्स घ्या' म्हणणं म्हणजे चालत्या दुकानाचं शटर खाली ओढणं.

वीजबिलाचा हिशोबही करून बघितला, कारण "नवा मिनी पीसी घेतला की लाइट बिलातच पैसे वसूल" हे काकांना कुणीतरी सांगितलं होतं. अशा मिनी पीसीत असतो तो इंटेल एन१०० हा ६ वॉटचा चिमुकला प्रोसेसर २०२३चा. सगळ्या कोअरचं मिळून तो या ३४७०ची बरोबरी करतो, किंबहुना किंचित पुढेच जातो. माझ्या प्लग मीटरवर काकांचा पीसी कामात ६० वॉटच्या आसपास घेत होता, मिनी पीसी १५ धरू. फरक ४५ वॉट, रोज १० तास, वर्षात ३०० दिवस: १३५ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर साडेतेराशे. वसूल व्हायला बरीच वर्षं लागतील. त्यापेक्षा खरंच बदलायची वेळ आली की आय३-१२१०० सारखा नव्या पिढीचा प्रोसेसर घ्यावा. एका कोअरला याच्या जवळपास दुप्पट वेग, आणि पत्रिकेची पीडीएफ त्यानेच लवकर निघेल.

बोर्ड मेला तर काय, हाही प्रश्न काकांनी विचारला, आणि तो रास्त आहे. कारण या वयात आधी बोर्ड जातो, प्रोसेसर सहसा नाही. एच६१चे 'नवे' बोर्ड अजून बाजारात मिळतात. चिपसेट जुनाच असतो, हमी तुटपुंजी. मी स्वतः त्यात पैसे घालणार नाही. बोर्ड गेला त्या दिवशी ३४७०चा निरोप घ्यायचा. तोवर मात्र तो फुकटात काम करतोय.

ठरलं ते असं: हा पीसी पत्रिकांपुरता, नेट बंद. बँक, ईमेल आणि व्हॉट्सअॅप मुलीच्या लॅपटॉपवर, फाइली पेनड्राइव्हने. काकांना हे पेनड्राइव्हचं प्रकरण फारसं रुचलेलं नाही आणि ते किती दिवस पाळतील याची मला शंकाच आहे.

निघताना पत्र्याच्या प्लेटच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला, त्यावर तारीख आणि आकडे: खोली ४१, रिकामा ४८, कामात ७८. खाली लिहिलं, '९० च्या वर गेला तर आधी फॉरमॅट नाही, आधी फोन.' पंधरा दिवसांनी फोन आलाच. दुपारी तीन वाजताच. म्हटलं गेला परत. काका म्हणाले, "अरे पीसी चांगलाय, प्रिंटर कागद गिळतोय."